वाणिज्य शाखेचे गणित: एक नाखवा आणि एक प्राध्यापिका यांचा संवाद

वाणिज्य आणि अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना महाविद्यालयात शिकवले जाणारे गणित विज्ञान शाखेच्या गणितापेक्षा वेगळे असते. त्यात सिद्धतांना जागा कमी आणि उपयोगाला जास्त. मुंबई विद्यापीठाच्या बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला हा विषय ‘मॅथेमॅटिकल अँड स्टॅटिस्टिकल टेक्निक्स’ या नावाने अनेक वर्षे शिकवला गेला. पहिल्या सत्रात शेअर्स व म्युच्युअल फंड, क्रमचय-संचय व लिनिअर प्रोग्रॅमिंग, सरासरी व विचलनाची मापे, संभाव्यता आणि निर्णयशास्त्र ही प्रकरणे असत. दुसऱ्या सत्रात फलने व विकलज, व्याज व अ‍ॅन्युइटी, सहसंबंध व रिग्रेशन, कालश्रेणी व निर्देशांक आणि संभाव्यतेची वितरणे येत. 2024-25 पासून नवे शैक्षणिक धोरण संलग्न महाविद्यालयांत लागू झाले आणि विषयांची मांडणी मेजर, मायनर व निवडक अशी झाली. गणित घ्यावे की टाळावे, हा प्रश्न त्यामुळे अधिक ठळक झाला.

खरे तर हा प्रश्न अकरावीतच सुरू होतो. महाराष्ट्र मंडळाच्या वाणिज्य शाखेत बहुतेक कनिष्ठ महाविद्यालयांत विद्यार्थ्याला ‘मॅथ्स की एसपी’ असे विचारतात. एसपी म्हणजे सेक्रेटरियल प्रॅक्टिस. दहावीच्या गणिताचा धसका घेतलेली मुले एसपी घेतात आणि दोन वर्षांनी पदवीच्या वर्गात गणित पुन्हा समोर येते. मग ‘मॅथ्समध्ये केटी’, म्हणजे नापास होऊन विषय मागे राहिला, हे शब्द कानावर पडू लागतात.

उदाहरण म्हणून एक गाव घेऊ. मीरा-भाईंदर महापालिकेच्या हद्दीतील चौक हे गाव धारावी बेटाच्या टोकाला, वसईच्या खाडीच्या मुखाशी, वसई किल्ल्याच्या समोर आहे. मासेमारी हा इथला जुना व्यवसाय. शंकर नारायण, रीना मेहता, रॉयल अशी मुंबई विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालये भाईंदर आणि मीरा रोडला आहेत. घरात बोट आणि हातात बी.कॉम.चे पुस्तक, अशा ठिकाणी या विषयाची खरी परीक्षा होते. पुढील संवादातील दोन पक्ष प्रातिनिधिक आहेत. एक बोटीचा मालक, म्हणजे नाखवा. त्याची मुलगी पहिल्या वर्षाला आहे. दुसरी वाणिज्य महाविद्यालयात गणित शिकवणारी प्राध्यापिका. संवादातील रकमा उदाहरणापुरत्या आहेत; प्रकरणे आणि सत्रे वर दिलेल्या जुन्या मांडणीप्रमाणे धरली आहेत.

हिशोब येतो, मग गणित कशाला?

पहिला आक्षेप सर्वात जुना आहे. व्यापार करणाऱ्याला तोंडी हिशोब येतो आणि उरलेले काम कॅल्क्युलेटर करतो.

नाखवा: मॅडम, माझ्या आईला अक्षर ओळखता येत नव्हतं. पण टोपलीभर बोंबील पाहून तिचा भाव आणि नफा ती उभ्या उभ्या सांगायची. दलालाला तिला कधी फसवता आलं नाही. पोरीला तुम्ही वर्षभर सूत्रं शिकवता, त्यानं ती आजीपेक्षा हुशार होणार का?

प्राध्यापिका: नाखवा, तुमच्या आईला येत होतं ते गणितच होतं. ते त्रैराशिक. इतक्या टोपल्यांना इतके रुपये, तर तितक्यांना किती? भास्कराचार्यांनी 1150 मध्ये ‘लीलावती’त हेच मांडलं. व्याजासाठी त्यांनी पंचराशिक दिलं, कारण व्याजात रक्कम आणि मुदत दोन्ही बदलतात. तोंडी हिशोब एक गोष्ट बदलली की चटकन उत्तर देतो. तीन-चार गोष्टी एकाच वेळी बदलल्या की तो अडतो. कॉलेजचं गणित तिथून पुढे सुरू होतं.

नाखवा: मग मोबाइल आहे की.

प्राध्यापिका: मोबाइल आकडेमोड करतो. कोणती आकडेमोड करायची, हे त्याला तुम्ही सांगायचं असतं.

इथे एक फरक नोंदवायला हवा. हिशोब झालेल्या व्यवहाराचा असतो; तो बुककीपिंगच्या, म्हणजे बीकेच्या पुस्तकात येतो. व्यापारी गणित न झालेल्या व्यवहाराविषयी असते: कर्ज घेतले तर काय, भाव पडला तर काय, दोन मालांपैकी कोणता किती घ्यावा. त्याचे महत्त्व निर्णयाच्या आधी असते.

व्याज आणि हप्ता

अभ्यासक्रमातील सर्वात थेट उपयोगाचे प्रकरण व्याज व अ‍ॅन्युइटीचे आहे. ठरावीक काळाने भरलेल्या किंवा मिळालेल्या समान रकमांच्या मालिकेला अ‍ॅन्युइटी म्हणतात. बँकेचा मासिक हप्ता आणि आवर्ती ठेव ही तिचीच रूपे.

नाखवा: नव्या इंजिनासाठी 10 लाखांचं कर्ज घ्यायचं होतं. एक जण म्हणाला, 12 टक्के रिड्युसिंग. दुसराही म्हणाला 12 टक्केच, पण फ्लॅट. मला दोन्ही सारखेच वाटले.

प्राध्यापिका: मुदत पाच वर्षं धरू. फ्लॅटमध्ये पूर्ण 10 लाखांवर पाचही वर्षं व्याज लागतं. व्याज 6 लाख, एकूण 16 लाख, हप्ता सुमारे 26,667. रिड्युसिंगमध्ये जेवढं मुद्दल उरलं असेल तेवढ्यावरच व्याज. दरमहा 1 टक्का आणि 60 हप्ते धरले, तर अ‍ॅन्युइटीच्या सूत्रानं हप्ता 22,244 येतो आणि एकूण व्याज सुमारे 3 लाख 35 हजार. फ्लॅटचे 12 टक्के रिड्युसिंगच्या भाषेत 20 टक्क्यांच्या थोडे वर जातात.

नाखवा: म्हणजे 2 लाख 65 हजारांचा फरक नुसत्या एका शब्दात होता!

प्राध्यापिका: हो. आणि हे सूत्र पाठ करून कळत नाही. प्रत्येक हप्त्यात व्याज किती आणि मुद्दल किती, याचा तक्ता पहिल्या तीन महिन्यांसाठी एकदा हातानं करावा लागतो. पहिल्या महिन्यात व्याज 10,000, मुद्दल 12,244. दुसऱ्या महिन्यात व्याज कमी, मुद्दल जास्त. तक्ता केला की सूत्राचा अर्थ डोळ्यांसमोर येतो.

नाखवा: पण तुमच्या पुस्तकातला माणूस बाराही महिने कमावतो. आमची बोट 1 जूनला किनाऱ्याला लागते ती 31 जुलैपर्यंत. 61 दिवस बंदी. हप्ता मात्र जूनमध्येही येतो.

प्राध्यापिका: हा आक्षेप खरा आहे आणि त्याचं उत्तर याच प्रकरणात आहे. वर्षातून दहाच हप्ते ठेवायचे, तर प्रत्येक हप्ता केवढा? कर्ज ऑगस्टच्या सुरुवातीला घेतलं आणि जून-जुलै वगळले, तर सुमारे 26,434. तेच कर्ज 1 जूनला घेतलं, म्हणजे पहिले दोन महिनेच सुटीचे, तर 26,965. व्याजदर तोच, मुदत तीच, तरी हप्ता वेगळा, कारण पैसा केव्हा भरला याला किंमत आहे. पैशाचं कालमूल्य म्हणतात ते हेच.

मासेमारी बंदीचे हे उदाहरण दाखवते की पाठ्यपुस्तकातील सूत्र एका ठरावीक परिस्थितीपुरते असते, पण त्यामागची कल्पना परिस्थितीबरोबर बदलता येते. सूत्र पाठ केलेला विद्यार्थी बारा हप्त्यांवर थांबतो. कल्पना समजलेला विद्यार्थी दहा हप्त्यांचे उत्तर काढतो आणि बँकेसमोर तशी मागणी मांडू शकतो.

सरासरी काय सांगते आणि काय लपवते

पुढील प्रकरण मध्य, मध्यक, बहुलक आणि प्रमाण विचलनाचे. विद्यार्थी ते सोपे समजतात. मात्र व्यवहारात सर्वाधिक चुका इथेच होतात.

नाखवा: सरासरीला काय कळायचं आहे? बेरीज करायची, भागायचं.

प्राध्यापिका: नऊ फेऱ्यांचा नफा धरू, हजारांत: 8, 9, 10, 10, 11, 12, 12, 13 आणि 95. बेरीज 180, मध्य 20. आता सांगा, फेरीला 20 हजार सुटतात असं धरून तुम्ही खलाशांना आगाऊ रक्कम द्याल?

नाखवा: नाही. आठ फेऱ्यांत 13 च्या वर काहीच नाही. 95 तर एकदाच लागले.

प्राध्यापिका: मध्यक 11 आहे. चढत्या क्रमानं मांडल्यावर मधोमध येणारी संख्या. नेहमीच्या फेरीचं खरं चित्र ती देते. बोटीवर नोकरीला असतो तसा ठरलेला पगार नसतो, म्हणून मासेमारीत मध्यक जास्त बोलतो.

नाखवा: तसं घडतंही. पालघरकडे मुरबे गावात ऑगस्ट 2021 मध्ये एका बोटीला दीडशेच्या वर घोळ मासे सापडले. सुमारे 1 कोटी 33 लाखांना गेले. त्यानंतर जो तो घोळीच्या गोष्टी करत होता.

प्राध्यापिका: त्या एका दिवसानं सबंध किनाऱ्याची सरासरी वर जाते, पण शेजारच्या बोटीच्या डब्यात त्यानं एक रुपया पडत नाही. म्हणून सरासरीसोबत विचलन विचारायचं. दोन बोटींचा मध्य सारखा असला तरी जिचं विचलन मोठं, तिच्या मालकाला हाताशी जास्त राखीव पैसा ठेवावा लागतो.

सरासरीचाच आणखी एक प्रकार हरात्मक मध्य हा आहे. विद्यार्थी त्याला निरुपयोगी ठरवून सोडून देतात. म्युच्युअल फंडाच्या एसआयपीत, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कम गुंतवण्यात, मात्र तोच कामाला येतो. पहिल्या महिन्यात 1,000 रुपये 10 रुपये एनएव्हीने (एनएव्ही म्हणजे एका युनिटचा भाव) आणि दुसऱ्या महिन्यात 1,000 रुपये 20 रुपये एनएव्हीने गुंतवले, तर 100 आणि 50, एकूण 150 युनिट मिळतात. एका युनिटची सरासरी खरेदी किंमत 13 रुपये 33 पैसे पडते. 10 आणि 20 यांचा साधा मध्य 15 आहे, हरात्मक मध्य 13.33. एसआयपीत भाव कमी असताना जास्त युनिट मिळतात, ही जाहिरातीत सांगितली जाणारी गोष्ट या एका आकड्यात सिद्ध होते. पुढे भाव वाढेलच अशी हमी मात्र त्यात नाही, हेही विद्यार्थ्याला कळते.

विकलज आणि ‘अजून एक टोपली’

वाणिज्य शाखेतील विद्यार्थी सर्वाधिक घाबरतात ते विकलजाला, त्यांच्या भाषेत डेरिव्हेटिव्हला. अर्थशास्त्रात त्याचा पद्धतशीर वापर फ्रेंच विचारवंत ऑग्युस्तँ कूर्नो यांनी 1838 च्या ग्रंथात केला. आज सीमान्त खर्च, सीमान्त उत्पन्न आणि मागणीची लवचिकता या तिन्ही कल्पना त्याच्यावर उभ्या आहेत. उत्पादन थोडेसे वाढवले, तर खर्चात किंवा उत्पन्नात किती फरक पडतो, एवढेच विकलज सांगते.

नाखवा: मला यातलं एक अक्षर कळत नाही, पण जास्त मासळी म्हणजे जास्त पैसा, एवढं कळतं.

प्राध्यापिका: तेवढं नेहमी खरं नसतं. समजा, तुमच्या मच्छीमार सोसायटीनं सुके बोंबील एका बाजारात पाठवायचे ठरवले. 10 टोपल्या पाठवल्या तर टोपलीला 1,100 मिळतात, 20 पाठवल्या तर 1,000. दर टोपलीमागे भाव 10 रुपयांनी उतरतो. एका टोपलीचा खर्च 400, शिवाय टेम्पोचे 2,000. किती टोपल्या पाठवायच्या?

नाखवा: जितक्या असतील तितक्या.

प्राध्यापिका: 60 पाठवल्या तर भाव 600. उत्पन्न 36,000, खर्च 26,000, नफा 10,000. 40 पाठवल्या तर भाव 800. उत्पन्न 32,000, खर्च 18,000, नफा 14,000. उत्पन्न 60 टोपल्यांना सर्वात जास्त आहे आणि नफा 40 ला. उत्पन्नाचं विकलज शून्य केलं की 60 येतात. नफ्याचं शून्य केलं की 40. दोन वेगळे प्रश्न, दोन वेगळी उत्तरं. उरलेल्या टोपल्या दुसऱ्या बाजारात न्या किंवा थांबवा.

नाखवा: थांबा मॅडम. माझ्या एका बोटीनं भाव कुठे उतरतो? सगळ्या बोटी एकदम आल्या की उतरतो. मी 40 वर थांबलो आणि बाकीचे थांबले नाहीत, तर माझा माल तेवढा घरी राहिला.

प्राध्यापिका: अर्थशास्त्राच्या पूर्ण स्पर्धेच्या प्रकरणातली मुख्य गोष्ट तुम्ही सांगितलीत. एकटा विक्रेता भाव ठरवत नाही, तो भाव स्वीकारतो. त्याच्यासाठी मागणीची रेषा आडवी असते आणि त्याचा प्रश्न खर्चाचा उरतो: आणखी एक तास समुद्रात थांबलं तर डिझेल किती आणि मासळी किती? भाव उतरण्याचं गणित सोसायटीला लागू होतं, कारण ती सगळ्यांच्या मालाबद्दल एकत्र ठरवू शकते.

नाखवा: म्हणजे गणित एकच, पण कोण विचारतोय त्यावर उत्तर बदलतं.

प्राध्यापिका: बरोबर. म्हणून विकलज काढण्याआधी फलन कोणाचं आहे, हे लिहायला मी मुलांना लावते. सूत्राचे गुण वेगळे, फलन मांडण्याचे वेगळे.

मर्यादित भांडवल, मर्यादित जागा

लिनिअर प्रोग्रॅमिंग ही पद्धत विसाव्या शतकातली. सोव्हिएत गणितज्ञ लिओनिद कांटोरोविच यांनी 1939 मध्ये तिचा पाया घातला आणि अमेरिकेत जॉर्ज डांट्झिग यांनी 1947 मध्ये सिम्प्लेक्स पद्धत दिली. पदवीच्या पहिल्या वर्षाला दोनच चले असतात आणि उत्तर आलेखावर काढतात.

प्राध्यापिका: मासळी विकायला भाईंदरला जाणाऱ्या एका ताईंकडे 12,000 रुपये आहेत आणि बर्फाच्या पेटीत 40 किलो मासळी मावते. पापलेट 600 रुपये किलोनं घेतलं तर किलोमागे 150 सुटतात. ओले बोंबील 100 रुपयांनी घेतले तर 40. काय घ्यावं?

नाखवा: पापलेट. नफा मोठा.

प्राध्यापिका: नुसतं पापलेट घेतलं तर 20 किलोत पैसे संपतात, अर्धी पेटी रिकामी. नफा 3,000. नुसते बोंबील घेतले तर पेटी भरते, 8,000 रुपये पडून राहतात. नफा 1,600. आलेखावर दोन्ही मर्यादांच्या रेषा जिथं छेदतात, तिथं 16 किलो पापलेट आणि 24 किलो बोंबील येतात. पैसाही पुरा, पेटीही पुरी. नफा 3,360.

नाखवा: आमच्या बायका हे कागदाशिवाय करतात. थोडं हे, थोडं ते.

प्राध्यापिका: दोन मालांत करतात आणि बरोबर करतात. वीस माल, पाच टेम्पो आणि तीन बाजार झाले की अंदाज पुरत नाही. त्यांना जे जमतं त्याला ही पद्धत पुढे नेते.

जोखीम मोजता येते का?

निर्णयशास्त्राचे प्रकरण छोटे आहे, पण त्यावरचा वाद खोल आहे.

प्राध्यापिका: हवा चांगली राहिली तर फेरीत 20,000 चा फायदा, बिघडली तर जाळं आणि डिझेल धरून 15,000 चा तोटा. घरी थांबलं तर शून्य. हवा चांगली राहण्याची संभाव्यता 0.6 असेल, तर अपेक्षित फायदा 12,000 वजा 6,000, म्हणजे 6,000. हा नियम म्हणतो, जा. मॅक्सिमिन नियम वाईटात वाईट काय होईल ते पाहतो आणि म्हणतो, थांबा. संभाव्यता साधारण 0.43 च्या खाली गेली, तर अपेक्षित मूल्यही थांबाच म्हणतं.

नाखवा: आणि खलाशाचा जीव? तो कुठल्या रकान्यात?

प्राध्यापिका: कुठल्याच नाही. तो रकान्यात घालूही नये. हवामान विभागानं समुद्रात न जाण्याचा इशारा दिला, की तक्ता बाजूला ठेवायचा. हे प्रकरण पैशाच्या जोखमीसाठी आहे. बर्फ आधी घ्यायचा की नंतर, जाळ्याचा विमा काढायचा की नाही, माल आज विकायचा की सुकवायचा, असे निर्णय.

नाखवा: हे तुम्ही वर्गात सांगता?

प्राध्यापिका: सांगायलाच हवं. एखादी पद्धत कुठं वापरायची नाही, हे शिकवल्याशिवाय ती शिकवून झाली असं म्हणता येत नाही.

महागाई आणि खोटी नाती

निर्देशांकाचे प्रकरण मुंबईच्या इतिहासाशी जोडलेले आहे. मुंबई सरकारचे कामगार कार्यालय 1921 मध्ये सुरू झाले आणि त्याने गिरणी कामगारांच्या राहणीखर्चाचा निर्देशांक जुलै 1914 हा आधार धरून प्रसिद्ध केला. आज औद्योगिक कामगारांच्या ग्राहक किंमत निर्देशांकाचे आधारवर्ष 2016 आहे आणि महागाई भत्ता त्याच्याशी बांधलेला आहे. पाठ्यपुस्तकातील लास्पेयर यांचे सूत्र 1871 चे आणि पाशे यांचे 1874 चे. पहिले जुन्या वर्षाच्या खरेदीचा भार धरते, दुसरे चालू वर्षाच्या.

नाखवा: टीव्हीवर महागाई 5 टक्के सांगतात. माझ्या बोटीला तसं कधी वाटलं नाही.

प्राध्यापिका: कारण तुमचा भार वेगळा आहे. तुमच्या खर्चात डिझेल 50, खलाशी 25, जाळी-दोर 15 आणि बर्फ 10 टक्के धरू. डिझेल 20 टक्क्यांनी वाढलं, खलाशांचा खर्च 8 नं, जाळी 4 नं आणि बर्फ 10 नं. तुमच्या बोटीचा निर्देशांक 113.6 येतो. टीव्हीवरचा आकडा खोटा नाही, तो दुसऱ्या कोणाच्या टोपलीचा आहे. सोसायटीनं असा स्वतःचा निर्देशांक दरवर्षी काढला, तर सरकारकडे मागणी करताना हातात कागद असेल.

सहसंबंधाविषयी एकच इशारा पुरेसा आहे. आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडच्या, दिवसांत घरोघरी सुकी मासळी भरून ठेवतात आणि छत्र्यांचाही खप वाढतो. दोन्हींचे आकडे मांडले तर सहसंबंध गुणांक मोठा येईल. छत्र्यांमुळे बोंबील खपत नाहीत. दोन्हींचे कारण येऊ घातलेला पावसाळा आहे. सहसंबंध म्हणजे कारण नव्हे, हे वाक्य प्रत्येक पुस्तकात असते. ते असे एखादे उदाहरण स्वतः शोधले की पक्के होते.

शिकवण्याची रीत

शेवटचा आक्षेप विषयावर नसून वर्गावर आहे.

नाखवा: तुम्ही जे सांगितलंत ते पटलं. पण माझी मुलगी हे शिकत नाही. ती क्लासमध्ये आयएमपी प्रश्न पाठ करते. प्रश्नात कुठली तरी ‘कंपनी’ असते, ती ‘एक्स’ आणि ‘वाय’ बनवते. तिला उत्तर येतं, पण मला हप्ता समजावून सांगता येत नाही. आणि सगळं इंग्रजीत.

प्राध्यापिका: या तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत, नाखवा, आणि माझ्याकडे त्यांचा बचाव नाही. दोन सत्रांत दहा प्रकरणं, एका वर्गात शंभराच्या वर मुलं, निम्म्यांनी दोन वर्षं गणित सोडलेलं. शिक्षक सूत्र आणि गुण यांच्याकडे पळतो.

नाखवा: मग काय करायचं?

प्राध्यापिका: प्रत्येक प्रकरणात एक गणित तरी विद्यार्थ्याच्या घरच्या धंद्यातलं असावं. कोणाची बोट, कोणाचं किराणा दुकान, कोणाची रिक्षा. आकडे घरून आणायचे, वर्गात मांडायचे. उत्तराखाली एक वाक्य मराठीत लिहायचं: या उत्तराचा अर्थ काय आणि आता काय करावं. ते वाक्य लिहिता आलं नाही, तर गणित झालं नाही.

नाखवा: तेवढं केलंत तर मी आकडे देईन. डिझेलच्या पावत्या सगळ्या जपून ठेवल्या आहेत.

विषय घेताना

ज्याने अकरावी-बारावीला गणित सोडले आहे, त्याने पहिल्या सत्राआधी चार गोष्टी पक्क्या कराव्यात: टक्केवारी व गुणोत्तर, एका चलाची समीकरणे, घातांक, आणि आलेखावर रेषा काढणे. एवढ्यावर पहिले सत्र पार पडते. दुसऱ्या सत्रासाठी बहुपदीचे विकलज काढण्याचा नियम आणि चक्रवाढीतील घातांक यांचा सराव लागतो. साधा कॅल्क्युलेटर नीट वापरता येणे हेही कौशल्य आहे. मधल्या पायरीला आकडे गोल केले की हप्त्याचे उत्तर शेकडो रुपयांनी चुकू शकते.

पुढच्या वाटांसाठीही हा विषय लागतो. सीएच्या फाउंडेशन परीक्षेत 100 गुणांचा तिसरा पेपर व्यापारी गणित, तर्क आणि संख्याशास्त्र यांचा आहे आणि त्यात चुकीच्या उत्तराला गुण कापले जातात. अर्थशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्याला विकलज आणि रिग्रेशन यांच्याशिवाय पहिला महिनाही काढता येत नाही. पुण्याच्या गोखले संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी 1971 मध्ये भारतातील दारिद्र्यावर केलेले काम देशभर चर्चिले गेले. त्याचा आधार कुटुंबांच्या खर्चाची आकडेवारी आणि तिचे वर्गीकरण हाच होता. दारिद्र्याबद्दल कळवळा अनेकांना होता. किती लोक, कुठे आणि किती कमी खर्चात जगतात, हे सांगायला संख्याशास्त्र लागले.

दोन्ही पक्षांचे म्हणणे एकत्र ठेवले तर निर्णय स्पष्ट आहे. नाखव्याचे हे म्हणणे खरे, की व्यवहारापासून तुटलेले गणित विद्यार्थ्याच्या हाती काही देत नाही. प्राध्यापिकेचे हे म्हणणे खरे, की तोंडी हिशोब एका मर्यादेपर्यंतच पोहोचतो आणि कर्ज, भाव, जोखीम व महागाई या चारही बाबतींत अडाणी राहण्याची किंमत धंद्याला मोजावी लागते. ज्या घरात धंदा आहे, त्या घरातील मुलाने किंवा मुलीने गणित टाळू नये. एसपी घेतले असेल तर पदवीला ही उणीव भरून काढावी. महाविद्यालयांनी प्रश्नपत्रिकेत निदान एक प्रश्न परिसरातील व्यवसायावर ठेवावा. आणि पालकांनी मुलांना पावत्या, कर्जाची कागदपत्रे आणि धंद्याचे खरे आकडे हाताळू द्यावेत. या विषयाचे सर्वात चांगले पाठ्यपुस्तक त्यांच्याच घरात आहे.